नावेपासून दुरावलेला माणूस

खानदेशांतील माणसास समुद्राची ओळख उशिरां होते. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावणारी पांझरा आणि साक्री गांवावरून वाहत येऊन तिला मिळणारी कान, या दोहोंचें पाणी पुढें तापींतून सुरतेजवळ समुद्रास जाऊन मिळतें, हें शाळेंतील मुलालाही ठाऊक असतें. परंतु त्या पाण्यामागोमाग तेथवर जाणारा माणूस पूर्वीं विरळाच. आतां दिवस पालटले आहेत. धुळें-साक्रीकडील तरुण सुटींत मालवणास जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यांत उतरतात, आणि त्यांपैकीं कांहीं जण तारकर्लीच्या शिक्षणकेंद्रांत पाठीवर हवेचें नळकांडें बांधून खोल जाण्याची विद्याही शिकतात. या विद्येस 'स्कूबा' हें नांव सर्वत्र रूढ झालें आहे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो आणि गान्यां या दोघांनीं बुडी मारणार्‍यास मागेल तेवढीच हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, तेव्हांपासून पाणबुड्याची विद्या हौशी माणसाच्याही आवांक्यांत आली.

नदीवर पोहावयास शिकलेल्या माणसाच्या अंगीं एक संवय मुरलेली असते. पाय सुटला, धार लागली, कीं तो कांठाकडे हात मारूं लागतो. कांठ त्याच्या डोळ्यांपुढें असतो, आणि दहा-वीस हात मारले कीं हाताला माती लागते. हीच संवय समुद्रांत घात करते. नावेपासून दुरावलेल्या माणसास कांठ दिसत नाहीं. दिसलाच तर तो वाटतो त्याहून कितीतरी दूर असतो, आणि ओहोटीचा ओढा त्याच्या हातांच्या जोरास जुमानीत नाहीं. अशा माणसानें काय करावें, या प्रश्नाचें उत्तर आज पाणबुड्यांच्या शाळेंत पहिल्याच आठवड्यांत शिकविलें जातें. परंतु तें उत्तर कोणा एका पंडितानें खोलींत बसून लिहिलेलें नाहीं. तें एकेका बुडालेल्या जहाजामागून, एकेका वांचलेल्या माणसाच्या तोंडून हळूहळू गोळा झालें आहे. आणि त्यांतील एक मोठा धडा महाराष्ट्राच्या किनार्‍यावरच लिहिला गेला.

१७ जुलै १९४७, गुरुवारचा दिवस. स्वातंत्र्य अवघें महिन्यावर आलें होतें. आषाढी अमावास्येचा सुमार. मुंबईंत चाकरीस असलेलीं कुलाबा जिल्ह्यांतील माणसें गांवाकडे निघालेलीं. सकाळीं आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. १९३६ सालीं इंग्लंडांतील स्वान हंटर यांच्या गोदींत बांधलेली ही बोट, आणि प्रवास अवघा दीड तासाचा. बंदराच्या तोंडाशीं आडवें जावयाचें, इतकेंच. अशा प्रवासास कोणी 'समुद्रपर्यटन' म्हणत नाहीं. बैलगाडींत बसावें तसें लोक बोटींत बसत. सातशेंच्या आसपास माणसें तिच्यावर होतीं. बोट बंदराबाहेर येते न येते तोंच वारा उठला, पाऊस कोसळूं लागला, लाटा बाजूनें आदळूं लागल्या. भेदरलेले उतारू एका अंगास लोटले, बोट कलली, आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटून पाहतां पाहतां दिसेनाशी झाली. नऊदेखील पुरते वाजले नव्हते. सहाशेंहून अधिक माणसें त्या सकाळीं गेलीं. हिंदुस्थानच्या किनार्‍यावर उतारूंच्या बोटीला झालेल्या अपघातांत याहून भीषण असे फार थोडे आहेत.

या अपघाताची कारणें पुष्कळांनीं सांगितलीं आहेत: पावसाळ्याचा समुद्र, उतारूंची गर्दी, एका बाजूस झालेली धांव. परंतु येथें पाहावयाचें आहे तें बोट उलटल्यानंतरचें. पाण्यांत पडलेल्या माणसांपैकीं जीं वांचलीं, तीं बहुतेक दोन प्रकारचीं होतीं. कोणाच्या हातीं जीवरक्षक कडें, फळी किंवा तत्सम तरंगणारी वस्तु लागली. आणि कोणास रेवसकडून मासळी घेऊन मुंबईस येणार्‍या कोळ्यांनीं पाहिलें. त्या वादळांत आपल्या लहान होड्या वळवून कोळ्यांनीं माणसें ओढून काढलीं. त्यांस कोणी बोलाविलें नव्हतें, त्यांच्यापाशीं कसलें साधन नव्हतें. ते त्या वाटेनें चालले होते आणि त्यांना माणसें दिसलीं, एवढेंच.

मुंबईस मात्र यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. रेवसच्या धक्क्यावर वाट पाहणार्‍यांस वाटलें, वादळामुळें बोट सुटलीच नसेल; मुंबईच्या धक्क्यावरील लोकांस वाटलें, बोट पोहोंचली असेल. दोन धक्क्यांमध्यें सातशें माणसें हरवलीं, आणि दोन्हीकडे निश्चिंतता होती! दहा-बारा वर्षांचा एक मुलगा जीवरक्षक कड्याच्या आधारानें तरंगत तरंगत गेटवे ऑफ इंडियापाशीं लागला आणि त्याच्या तोंडून शहरास ती वार्ता कळली, असें त्या दुर्घटनेच्या वृत्तांतांत सांगितलें जातें. तोंवर दुपार उलटली होती. आषाढांतील मुंबईचें पाणी थंडगार नसतें. तरंगत राहणारा माणूस त्यांत पुष्कळ तास जगूं शकतो, हें त्या मुलानेंच दाखवून दिलें. तेव्हां त्या दिवशीं सकाळच्या नऊपासून दुपारपर्यंत जे तास शोधावांचून गेले, त्यांत किती माणसें हात थकून खालीं गेलीं असतील, याचा विचार मन हेलावून टाकतो.

याच्या साठ वर्षें आधीं, नोव्हेंबर १८८८ मध्यें, 'वैतरणा' नांवाची आगबोट कच्छच्या मांडवी बंदरांतून मुंबईस येण्यास निघाली आणि काठेवाडच्या किनार्‍यानजीक वादळांत नाहींशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळें लोक तिला 'विजळी' म्हणत. सातशेंहून अधिक माणसांपैकीं एकही परत आला नाहीं. चौकशींत एवढें निष्पन्न झालें कीं, बोटीवर होड्या आणि तरंगावयाचीं साधनें पुरेशीं नव्हतीं. यापलीकडे तिच्याविषयीं कांहीं शिकावयास उरलें नाहीं, कारण सांगणाराच उरला नाहीं. गुजराथेंत तिचीं गाणीं झालीं, दंतकथा झाल्या.

तरंगण्याच्या साधनाचा इतिहासही मोठा मासलेवाईक आहे. इंग्लंडांत जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे तपासनीस कॅप्टन वॉर्ड यांनीं १८५४ सालीं बुचाच्या तुकड्यांचें जाकीट तयार केलें. खलाशांना तें अवजड वाटे. वल्हीं मारतांना अडचण होते म्हणून ते तें अंगांत घालण्यास कुरकुरत. फेब्रुवारी १८६१ मध्यें व्हिटबी येथें भर तुफानांत बचावाची नौका उलटली. तेरा जणांपैकीं बारा बुडाले. तेराव्याचें नांव हेन्री फ्रीमन, आणि त्या तेरांत बुचाचें नवें जाकीट अंगांत होतें तें याच एकाच्या. त्यानंतर कुरकूर पुष्कळ कमी झाली. मालवणास आज होडींत बसणारा उतारूही नारिंगी जाकिटाच्या बंदांशीं चाळा करीत बसतो आणि छायाचित्र काढून घेण्यापुरतें तें उतरवितो. त्या जाकिटाची वंशावळ व्हिटबीपर्यंत जाते, हें त्याला कोणीतरी सांगावयास हवें.

परंतु नुसतें तरंगणें पुरत नाहीं, हें १९१२ सालीं 'टायटॅनिक'नें दाखविलें. तिच्यावरील शेंकडों माणसें जाकिटें घालूनच पाण्यांत होतीं. जहाज बुडाल्यापासून दोन तासांच्या आंत 'कार्पेथिया' बोट तेथें येऊन पोहोंचली. पण गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यानें त्याआधींच त्यांचे प्राण हरण केले होते. पाणी हें शरीराची ऊब हवेच्या मानानें पंचवीसपट वेगानें काढून घेतें, असें शास्त्रज्ञ मानतात. म्हणून पाणबुड्याचा रबरी पोशाख हा शोभेचा नव्हे, आणि पाण्यांत असेपर्यंत तो अंगावेगळा करावयाचा नाहीं. 'टायटॅनिक'च्या धक्क्यानें १९१४ सालीं लंडनला राष्ट्रांची परिषद भरली आणि उतारूंच्या संख्येइतक्या होड्या, बिनतारी यंत्राची सक्ती इत्यादि नियम प्रथमच आंतरराष्ट्रीय करारांत आले. कराराच्या कागदावरून तो नियम भाऊच्या धक्क्यावरील लहान बोटींपर्यंत यावयास किती काळ लागला, तें वर आलेंच आहे.

तिसरी गोष्ट शिकविली दुसर्‍या महायुद्धानें. विमानें समुद्रांत पडत, वैमानिक छत्रीनें पाण्यांत उतरत, त्यांच्या अंगांत फुगणारें जाकीट असे. तरी शोधावयास आलेलें विमान डोक्यावरून जाई आणि खालचा माणूस त्यास दिसत नसे. लाटांत माणसाचें डोकें तें केवढें! नारळी पौर्णिमेस कोळी समुद्राला नारळ अर्पण करतो. तो नारळ चार लाटांपलीकडे गेला कीं कांठावरच्या मुलांस दिसेनासा होतो. माणसाचें डोकें त्याहून फारसें मोठें नाहीं. म्हणून वैमानिकांच्या जाकिटांत पाण्यावर हिरवट पिंवळा डाग पसरविणारा रंग, शिटी, लहान दिवा, आरसा अशा वस्तु देण्यांत आल्या. उन्हाची तिरीप आरशावरून मैलोगणती दूर जाते. तोंडानें मारलेली हांक वार्‍यांत दोनशें हातही जात नाहीं, शिटी मात्र ऐकूं येते.

पाणबुड्याची गत या सर्वांहून थोडी निराळी असते. त्याची नाव बुडालेली नसते; ती शाबूत असते, पण तो तिच्यापाशीं नसतो. पाण्याखालच्या प्रवाहानें तो भलतीकडे नेला जातो, आणि वर आल्यावर पाहतो तों नाव पाठमोरी, पाव मैलावर. कधीं नावेवरील माणसें त्यास शोधीत असतात. क्वचित् प्रसंगीं त्यास विसरून निघूनही जातात.

ही अतिशयोक्ति नव्हे. २५ जानेवारी १९९८ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांतील प्रवाळांच्या रांगेवर एक अमेरिकन दांपत्य इतर हौशी पाणबुड्यांसह उतरलें. इतर सर्व वर आले, मोजणी झाली, मोजणींत चूक झाली, आणि नाव बंदरास परतली. नवरा-बायको पाण्यांतच होतीं. त्यांची पिशवी नावेवर तशीच पडून होती. ती उघडून पाहून चौकशी सुरू व्हावयास दोन दिवस लागले. तोंवर समुद्रानें त्यांस कोठें नेलें होतें कोण जाणे. तीं कधींच सांपडलीं नाहींत. त्यानंतर त्या प्रांतांत माणसें मोजण्याचे नियम कडक करण्यांत आले. साक्री तालुक्यांतील ठेलारी मेंढपाळ सायंकाळीं मेंढ्या वाड्यावर आणतांना मोजून घेतो. एक कमी भरली तर त्या रात्रीं तो जेवावयास बसत नाहीं. त्याला हें कोणत्या कायद्यानें शिकविलें नाहीं. आधुनिक यंत्रें बाळगणार्‍या नावेवर हें साधें काम चुकलें, आणि दोन माणसें गेलीं.

अशा दुरावलेल्या पाणबुड्यानें काय करावें तें आतां पाहूं. पाण्याखालीं सोबती दिसेनासा झाला तर मिनिटभर चहूंकडे पाहावें, आणि न दिसल्यास ठरलेल्या संथ गतीनें वर यावें. घाबरून भरकन् वर आल्यास रक्तांत विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन तेंच जिवावर बेततें. वर येण्यापूर्वींच दोरीला बांधलेली रंगीत फुगणारी कांडी वर सोडावी, म्हणजे आपण कोठें निघणार तें नावेवाल्यास आधीं कळतें. वर आल्यावर पहिलें काम जाकिटांत हवा भरण्याचें. त्यानेंही तरंगणें जड जात असेल तर कमरेचीं शिशाचीं वजनें सोडून द्यावीं. तीं पुन्हां विकत मिळतात. तोंडावरील कांच काढूं नये, कारण लाटेचे सपकारे नाकातोंडांत जाऊन माणूस गुदमरतो तो बहुधा याच वेळीं. मग कांडी उंच धरावी, शिटी फुंकावी, आरसा असल्यास नावेच्या रोखानें चमकवावा. सोबती असेल तर एकमेकांस धरून किंवा बांधून राहावें, कारण दोघे मिळून एकापेक्षां मोठे दिसतात, आणि एकाचा धीर दुसर्‍यास पुरतो. नावेमागें प्रवाहाविरुद्ध पोहत सुटणें हा शुद्ध अविचार होय. किनारा खरोखर जवळ असेल तर प्रवाहास तिरपें छेदून सावकाश जावें. नाहीं तर गुडघे पोटाशीं घेऊन ऊब राखावी आणि थांबावें. तहान कितीही लागली तरी खारें पाणी पिऊं नये. अंधार पडल्यावर दिवा सतत जाळीत न बसतां नाव किंवा विमान दिसेल तेव्हांच लावावा. आणि हें सर्व करण्यापूर्वीं, म्हणजे सकाळीं घरून निघण्यापूर्वीं, आपण कोठें उतरणार आणि किती वाजतां परतणार हें किनार्‍यावरील कोणास तरी सांगून ठेवावें. ती वेळ उलटली कीं त्या माणसानें तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. 'येतील थोड्या वेळानें' असें म्हणत बसणें हें रामदास बोटीच्या दिवशीं दोन्ही धक्क्यांवर झालेंच होतें.

थांबण्याचा उपदेश सांगण्यास सोपा आहे, हें खरें. परंतु तो फळास आल्याचीं उदाहरणें आहेत. न्यूझीलंडच्या आरमारांतील माजी पाणबुडे रॉब हेविट फेब्रुवारी २००६ मध्यें वेलिंग्टनजवळील माना बेटापाशीं उतरले आणि नावेपासून दूर वर आले. नावेवरील लोकांनीं पुष्कळ शोधलें, पण त्यांस ते दिसले नाहींत. किनारा गांठण्याचे त्यांचे प्रयत्न प्रवाहानें फोल ठरविले. भरती-ओहोटीबरोबर ते पुढें-मागें वाहत राहिले. जाड रबरी पोशाखानें ऊब राखली, जाकिटानें तरंगत ठेवलें, आणि पकडलेल्या समुद्रजीवांची पिशवी पाशीं होती, त्यांतील घांसांवर त्यांनीं चार दिवस आणि तीन रात्री काढल्या. शेवटीं आरमारांतील पाणबुड्यांच्या होडीनेंच त्यांस पाहिलें. हेविट हे अंगापिंडानें मजबूत आणि पाण्यांत मुरलेले गृहस्थ. सामान्य माणसास इतका टिकाव धरवेल असें नाहीं. तरीपण शोध घेणार्‍यांनीं दुसर्‍याच दिवशीं आशा सोडली असती तर त्यांचाही मजबूतपणा वायांच गेला असता.

महाराष्ट्राच्या किनार्‍यावर या सर्व शिकवणुकीची कसोटी १७ मे २०२१ रोजीं लागली. तौक्ते नांवाचें चक्रीवादळ मुंबईसमोरून उत्तरेस चाललें होतें. मुंबईपासून सुमारें पस्तीस सागरी मैलांवर तेलविहिरींच्या कामास नेमलेला, कामगारांच्या वस्तीचा 'पी ३०५' हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि सायंकाळीं बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. त्यांनीं जाकिटें घालून पाण्यांत उड्या घेतल्या. काळोख, कित्येक हात उंच लाटा, तोंडावर पावसाचा मारा. वांचलेल्यांनीं मागाहून सांगितलें कीं, वाहून जाऊं नये म्हणून त्यांनीं एकमेकांचे हात धरून ठेवले होते. लाट फोडून टाकी, तीं पुन्हां जवळ येत. येथें एक गोष्ट रामदासच्या वेळेहून सर्वस्वी वेगळी होती: किनार्‍यास ठाऊक होतें. तराफा बुडण्यापूर्वींच मदतीची हांक गेली होती आणि 'कोची', 'कोलकाता' या युद्धनौका त्या वादळांत तिकडे निघाल्या होत्या. रात्रभर आणि दुसर्‍या दिवशीं, एकेक करून, पाण्यांतून माणसें वर घेण्यांत आलीं. उजाडल्यावर हेलिकॉप्टरें आणि टेहळणी विमानेंही आलीं. २६१ पैकीं १८६ माणसें वांचलीं.

उरलेलीं पंचाहत्तर गेलीं. आणि त्याच वादळांत बुडालेल्या 'वरप्रदा' या बोटीवरील तेरांपैकीं अकरा. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीं मिळालेला असतां तो तराफा समुद्रांत कां राहिला, हा प्रश्न त्या वेळीं सार्‍या देशानें विचारला, आणि तो रास्तच होता. जाकीट, शिटी, दिवा हीं सर्व साधनें पाण्यांत पडल्यानंतरचीं आहेत. पावसाळ्यांत मालवणच्या जलक्रीडा बंद ठेवल्या जातात तो निर्बंध मात्र पाण्यांत पडण्यापूर्वींचा आहे, आणि पर्यटकांनीं त्यावर रागावण्याचें कारण नाहीं.

पुढील कित्येक दिवस शोध चालूच राहिला. नावांच्या यादीशीं देह जुळेनात, तेव्हां नौदलाच्या 'मकर' या जहाजानें ध्वनिलहरींच्या साह्यानें समुद्राचा तळ चांचपून बुडालेला तराफा आणि ती बोट कोठें आहेत तें शोधून काढलें, आणि नौदलाचे पाणबुडे खालीं उतरले. मुंबईंत आणलेल्या कांहीं देहांची ओळख चेहर्‍यावरून पटण्यासारखी राहिली नव्हती. गांवोगांवहून आलेल्या आप्तांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते जुळविण्यांत आले, आणि मग एकेक देह ज्याच्या त्याच्या घरीं गेला.